लव्हाळं उपटायचं, कापायचं नाही

१९३७ साली आयर्लंडमधल्या प्राथमिक शाळांतून एक वेगळाच गृहपाठ सुरू झाला. दर आठवड्याच्या निबंधाऐवजी वरच्या वर्गातल्या मुलांनी घरी जायचं, आजी-आजोबांना आणि शेजारपाजारच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचं, आणि ऐकलेलं वहीत उतरवायचं. लोणी कसं काढत होते? लग्नं कोणत्या दिवसांत होत? कोणत्या विहिरीवर कधी जायचं? पाऊस येणार हे कशावरून ओळखायचं? दुष्काळात या गावात काय झालं? लहानपणी तुम्ही काय खेळत होता? विषय नेमून देणारी पुस्तिका शिक्षकांकडे छापून आलेली होती. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाचा हा उपक्रम. संचालक जेम्स डेलार्गी, आणि कागदपत्रांचा सगळा व्यवहार पाहणारे शॉन ओ सूलेवान. १९३९ पर्यंत २६ काउंट्यांतल्या, म्हणजे जिल्ह्यांतल्या, सुमारे ५,००० शाळांतून अंदाजे ५०,००० मुलांनी लिहिलेली जवळपास ७,४०,००० पानं जमा झाली. आज ती युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आहेत, आणि आयोगाचा १९३५ ते १९७० या काळातला संग्रह २०१७ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत आहे.

आयोगाचे पगारी संग्राहक याच काळात एडिफोन नावाचं यंत्र पाठीवर, सायकलवर वाहून खेडोपाडी हिंडत होते. मेणाच्या नळकांड्यावर आवाज उतरायचा. मग तो ऐकून शब्द न् शब्द कागदावर घ्यायचा, आणि नळकांड्याचा वरचा थर तासून तेच पुन्हा वापरायला काढायचं, कारण नव्या नळकांड्यांना पैसे नव्हते. त्यामुळे शब्द राहिले, पण हजारो आवाज तासले गेले. मुलांच्या वह्यांत तर आवाज कधी नव्हताच. तरीही त्या वह्यांत मला एक गोष्ट सापडते, जी मोठ्यांनी मोठ्यांकडून मिळवलेल्या मजकुरात कमी दिसते. मुलांनी ‘का’ फारसं विचारलं नाही, ‘कसं’ विचारलं. आजीनं सांगितलं की लव्हाळं उपटायचं, कापायचं नाही, आणि पोरीनं तसंच लिहून ठेवलं. त्या एका वाक्यात जुना समज आहे, त्या गवताचा गुणधर्म आहे आणि बोटांची सवय आहे. रूढी टिकते ती अशा सूचनांत. तिचा अर्थ सांगणारे विद्वान नंतर येतात, आणि बऱ्याचदा एकमेकांना खोडून काढतात.

हे लव्हाळं म्हणजे पाणथळ कुरणात झुबक्यांनी वाढणारं एक गवत. पान नाही, फक्त गोल, गुळगुळीत, हिरवी काडी आणि आत पांढरा स्पंजासारखा गाभा. ३१ जानेवारीच्या संध्याकाळी, म्हणजे संत ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या दिवशी, तिच्या नावाचा क्रॉस विणायला ते घरी आणायचं. आयरिश पंचांगात १ फेब्रुवारीला वसंत सुरू होतो. बाहेर थंडी कितीही असो, शेतीचं वर्ष त्या दिवशी उघडतं. (२०२३ पासून या सणाला आयर्लंडमध्ये सरकारी सुट्टी आहे. ती मिळायला एवढी वर्षं लागावीत, याचंच आश्चर्य.) लोखंडाचं पातं लावायचं नाही हा त्यातला धार्मिक भाग. पण उपटण्याचा फायदाही आहे. बुंध्याशी धरून सरळ वर ओढलं की काडी पूर्ण लांबीची, खालच्या मऊ पांढऱ्या टोकासकट हातात येते. कापायला गेलं तर दोन-चार बोटं लांबी जाते, आणि आखूड काडीची घडी नीट बसत नाही.

अनेक घरांत लव्हाळं थेट आत आणत नसत. मोळी दाराबाहेर ठेवायची, घरातल्या एकानं किंवा ब्रिजिड नावाच्या मुलीनं घराला फेरी मारून दारावर थाप द्यायची, गुडघे टेका आणि ब्रिजिडला आत घ्या असं म्हणायचं, आणि आतल्यांनी तिचं स्वागत करायचं. मग मोळी टेबलाखाली जायची, वर ताटं लागायची. ठेचलेले बटाटे, मधोमध खळगा, त्यात लोणी. जेवण उरकलं की क्रॉस विणायला बसायचं.

चार हातांचा क्रॉस असा होतो. ताज्या, साधारण एकाच जाडीच्या तीसेक काड्या घ्या. पहिली काडी दुमडायची नाही. ती डाव्या हातात उभी धरायची. दुसरी काडी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्याभोवती अडकवायची, दोन्ही मोकळी टोकं उजवीकडे. जिथं त्या भेटतात तिथं अंगठा आणि तर्जनीनं घट्ट चिमटीत धरायचं. आता सगळं घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरा फिरवायचं. उजवीकडची टोकं वर गेली. तिसरी काडी दुमडून त्या वर गेलेल्या जोडीभोवती अडकवायची, टोकं पुन्हा उजवीकडे. ओढून घट्ट करायचं, पुन्हा पाव फेरा. चौथीपासून पुढे हेच. प्रत्येक वेळी ज्या काड्या वर उभ्या आहेत, त्या सगळ्याच्या सगळ्या नव्या काडीच्या घडीत यायला हव्यात. एकेका बाजूला सात-आठ घड्या बसल्या की मधोमध तिरप्या रेघांचा नक्षीदार चौकोन तयार होतो. मग चारही हात टोकांशी दोऱ्यानं किंवा लव्हाळ्याच्याच काडीनं बांधायचे, शेवटची काडी शेजारच्या घडीखाली खोचायची, आणि टोकं सारखी करायची.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. सर्वांत आधी अंगठा. पहिल्या चार घड्यांपर्यंत विणीला स्वतःचं बळ नसतं, सगळं चिमटीवर उभं असतं. तिथं बोट सैल पडलं तर चौकोन तिरका होतो, आणि पुढे कितीही ओढलं तरी सरळ होत नाही. दुसरी चूक दिशेची. मध्येच एक पाव फेरा उलटा गेला की त्या बाजूला दोन घड्या एकावर एक बसतात आणि शेजारची बाजू मोकळी राहते. उलगडून मागे जाण्याशिवाय उपाय नसतो. काडी दोन दिवस उबेत पडून राहिलेली असेल तर घडीवर तडकते. जाड काडी दुमडताना तिची साल फाटते, म्हणून घडी घालण्याआधी त्या जागी नखानं हलकं दाबून गाभा चेपून घ्यावा. शिवाय काडी बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे बारीक असते. सगळे शेंडे एकाच बाजूला आले तर तो हात लुळा पडतो, म्हणून एकदा जाड टोक वर, पुढच्या खेपेला खाली. ओलं लव्हाळं वाळताना आक्रसतं, त्यामुळे आज घट्ट वाटणारी गाठ आठवड्यानं हलू लागते. ती तेव्हा पुन्हा आवळायची. हिरवा रंगही जातो, पिवळट होतो. तो खराब झाला असं समजू नये, तसाच वर्षभर दाराच्या वर राहतो.

आज ब्रिजिडचा क्रॉस म्हटला की हाच चार हातांचा डोळ्यांसमोर येतो. त्याला टीव्हीचा मोठा हातभार आहे. १९६१ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय वाहिनीनं हाच आकार बोधचिन्हात घेतला आणि तो घराघरांत गेला. खरं तर गावागणिक आकार निराळे होते. गोठ्यासाठी तीन हातांचा, काटक्यांच्या चौकटीवर लव्हाळं किंवा पेंढ्याच्या दोऱ्या गुंडाळून केलेला, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा, नुसत्या दोन जुड्या आडव्या-उभ्या विणलेला. त्यातले बरेच काउंटी मेयोमधल्या टर्लो पार्कच्या ग्रामजीवन संग्रहालयात जपलेले आहेत. एक आकार प्रसिद्ध झाला म्हणून बाकीचे विस्मृतीत जाणं हे मला खटकतं, कारण तीन हातांचा विणायला वेगळी पकड लागते, आणि ती पकड पुस्तकावरून पटकन येत नाही.

त्याच रात्री कापडाचा एक तुकडा किंवा रिबन खिडकीबाहेर नाहीतर झुडपावर ठेवत. ब्रिजिड जाताना त्याला हात लावते, मग तो डोकेदुखीवर कपाळाला बांधायला, गाय अडली तर तिच्या पाठीवर टाकायला वर्षभर जपायचा. काही ठिकाणी तो ठेवताना मोजत आणि सकाळी पुन्हा मोजत. लांब भरला तर आयुष्य वाढलं. दवानं भिजून वाळलेलं विणलेलं कापड किंचित कमी-जास्त होतंच. पण मोजण्याची ती कृती किती जिव्हाळ्याची आहे! घरात कोणीतरी आजारी असणार, आणि कोणीतरी पहाटे उठून बोटांनी वितभर रिबन मोजत असणार.

लोण्याच्या बाबतीत या वह्या सर्वांत जास्त बोलक्या आहेत, कारण घरातल्या बाईच्या हातात येणारा पैसा बहुधा लोणी-अंड्यांचाच. कॉर्क शहरातल्या लोण्याच्या बाजाराचा कारभार १७७० मध्ये व्यापाऱ्यांच्या समितीकडे आला. तिथून लाकडी पिंपांत भरलेलं खारं लोणी जहाजानं दूरदेशी जाई. घरात मात्र काम कंबरेएवढ्या उंच लाकडी पिंपात चाले. फळ्या जोडून वर निमुळता केलेला पिंप, झाकणाला भोक, भोकातून खाली जाणारा दांडा आणि दांड्याच्या तळाशी भोकं पाडलेली गोल फळी. आपल्याकडे रवी दोरीनं गरगर फिरते. इथं दांडा सरळ वर-खाली जातो. दांड्याभोवती लाकडी वाटी बसवत, म्हणजे साय उडून हातावर येत नाही.

दूध उथळ भांड्यांत दिवसभर ठेवून साय काढायची, ती चार-पाच दिवस साठवून जराशी आंबू द्यायची. पिंप उकळत्या पाण्यानं धुवायचा, मग गार पाण्यानं. साय अर्ध्या पिंपापेक्षा जास्त भरायची नाही. वर जागा राहिली नाही तर साय फेसाळून झाकणाला लागते, दांडा नुसता फेसात खालीवर होतो आणि तासभर घुसळूनही काही हाती लागत नाही. सायीची उष्णता १३ ते १६ अंश सेल्सिअसच्या आसपास हवी. त्याहून गार असेल तर स्निग्ध कण कडक राहतात आणि एकमेकांना चिकटत नाहीत. जास्त कोमट असेल तर लोणी लवकर येतं, पण पांढुरकं, मऊ, ताक धरून ठेवणारं, आणि ते टिकत नाही. सगळं जमलं तर अर्ध्या-पाऊण तासात आवाज बदलतो. आधीचा घट्ट, दबका आवाज जाऊन पाण्यासारखा खळखळाट येतो, दांडा हलका होतो, झाकणाच्या भोकाशी पिवळे कण दिसतात. तिथं थांबायचं. आणखी घुसळलं तर कण मोठे गोळे होतात आणि ताक आत अडकतं. मग झऱ्याच्या गार पाण्यानं, पाणी निवळ येईपर्यंत लोणी धुवायचं, मीठ घालायचं आणि लाकडी थापट्यांनी दाबून पाणी काढायचं. हातानं मळायचं नाही, हाताच्या उबेनं ते तेलकट होतं. साधारण एक किलो लोण्याला वीस-बावीस लिटर दूध लागतं. एक पिंप फसला तर किती नुकसान, याचा अंदाज यावरून येतो.

म्हणूनच या कामाभोवती एवढे नियम आहेत. घुसळण चालू असताना कोणी घरात आलं तर त्यानं कामाला देवाचा आशीर्वाद म्हणायचा आणि दांडा हातात घेऊन थोडा वेळ घुसळायचं. न घुसळता निघून गेला तर तो लोण्याचं नशीब घेऊन गेला. घुसळण चालू असताना चुलीतला निखारा बाहेर न्यायचा नाही. पाहुण्यानं पाइप पेटवली असेल तर ती घरातच ओढून संपवायची. लोणी येत नसेल तर पिंपाखाली गाढवाचा नाल ठेवा, चिमूटभर मीठ टाका, तापवलेलं लोखंड पिंपाशी न्या. यातलं तापलेलं लोखंड मला फार सूचक वाटतं. गार पडलेल्या सायीला खरोखरच थोडी ऊब हवी असते. ज्यानं ते पहिल्यांदा केलं त्याला लोणी मिळालं असेल, आणि त्यानं ते जादूटोण्यावरचा तोडगा म्हणून शेजाऱ्याला सांगितलं असेल.

या सगळ्याचा कळस १ मेला. गुरं नव्या गवतावर जातात, दूध वाढतं, लोण्याचं वर्ष सुरू होतं, आणि भीतीही तेव्हाच सर्वाधिक. आदल्या संध्याकाळी उंबऱ्यावर आणि गोठ्याच्या दाराशी पाणथळीतली पिवळी फुलं टाकायची. त्या दिवशी कुणालाही दूध, मीठ, विस्तव द्यायचा नाही. पहाटे विहिरीचं पहिलं पाणी दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून पाळत ठेवायची. कोणी शेजारीण पहाटे तुमच्या कुरणावर कापड फिरवून दव टिपताना दिसली, तर ती वर्षभराचं तुमचं लोणी चोरतेय. अशीच एक गोष्ट गावोगावी सापडते. गायीचं दूध पिणाऱ्या सशाला गोळी लागते, रक्ताचा माग एका झोपडीपर्यंत जातो, आणि आत जखमी म्हातारी असते. हा भाग वाचताना मला त्या म्हातारीची काळजी वाटते. साय गार होती, गाय आटत आली होती, भांडं नीट उकळलेलं नव्हतं, अशी कितीतरी साधी कारणं असताना संशय जायचा तो एकट्या राहणाऱ्या, गरीब बाईवर. गावकीची ऊब आणि गावकीचा जाच एकाच वहीच्या समोरासमोरच्या पानांवर आहेत, आणि दोन्ही वाचायला हवेत.

मुलांचे खेळ ही मुलांची स्वतःची माहिती, त्यामुळे ती पानं भराभर, आत्मविश्वासानं लिहिलेली असतात. पाच खड्यांचा खेळ जवळजवळ प्रत्येक काउंटीत आहे. एक खडा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा, मग दोन-दोन, मग तीन नि एक, मग चारही. शेवटी पाचही उडवून पालथ्या हातावर झेलायचे. सागरगोटे खेळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

मोठ्यांच्या खेळांत रस्त्यावरची गोळाफेक मला सर्वांत अस्सल आयरिश वाटते, आणि ती मुख्यतः दोनच ठिकाणी जगली, दक्षिणेत कॉर्क आणि उत्तरेत अर्मा. लोखंडी गोळा २८ औंसांचा, म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम, मुठीत मावेल एवढा. साधा वळणावळणाचा गावरस्ता, दोन ते चार किलोमीटर. ज्याच्या कमी फेका तो जिंकला. कॉर्कमध्ये धावत येत हात पूर्ण गोल फिरवून खालून फेकतात. अर्मामध्ये हात सरळ मागे नेऊन पुढे सोडतात. फेकणाऱ्याच्या पुढे त्याचा माणूस रस्त्यात पाय फाकवून उभा राहतो आणि रेषा दाखवतो. गोळा जिथं टेकायला हवा तिथं गवताची एक जुडी ठेवलेली असते. रस्ता मध्यभागी उंच आणि कडांना उतरता असतो, त्यामुळे मधोमध सरळ सोडलेला गोळा हळूहळू काठाच्या गवतात जातो आणि तिथंच मरतो. मुरलेला खेळाडू त्याला मनगटानं उलटा पीळ देतो, म्हणजे उतार त्याला ओढत असताना पीळ मध्याकडे आणतो. कोपरा आला की खरी परीक्षा. एकतर थोडक्यात थांबून पुढच्या फेकीसाठी जागा बघायची, नाहीतर कुंपण-शेतावरून हवेतून गोळा पलीकडच्या रस्त्यावर टाकायचा. तो रस्त्यावर टेकला नाही तर फेक वाया गेली, आणि पुन्हा त्याच खुणेवरून फेकायचं. कोणी एक पूर्ण फेक पुढे गेला की बघ्यांतल्या पैजा बदलतात. दोघांच्या फेका सारख्या झाल्या, तर शेवटच्या फेकीत अंतिम रेषेच्या पुढे कोण जास्त लांब गेला ते बघायचं. म्हणून शेवटची फेक रेषा ओलांडण्यापुरती फेकून कधी चालत नाही.

३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोविनच्या, रात्रीचा भोपळा आयर्लंडचा नव्हे, तो अमेरिकेत गेल्यावर मिळाला. इकडे कंदील व्हायचा तो मोठ्या सलगमाचा. ते फार कष्टाचं काम. वरची चकती कापून चमच्यानं आतला गर खरवडायचा, आणि तो भोपळ्यासारखा मोकळा नसतो, दगडासारखा भरीव असतो. भिंत बोटाच्या जाडीची ठेवली तर डोळ्यांच्या भोकांतून उजेड येतो. त्याहून पातळ केली तर दोन दिवसांत ती आत वळते आणि चेहरा सुरकुततो. हा सुरकुतलेला चेहरा भोपळ्यापेक्षा कैक पटींनी भयाण दिसतो. टर्लो पार्कच्या संग्रहालयात डॉनिगॉलमधल्या फिन्टाऊनच्या अशा एका कंदिलाचा प्लास्टरचा साचा आहे. मूळ कंदील १९४३ मध्ये एका शिक्षिकेकडून आला होता, आणि नाशवंत असल्यानं त्यावरून साचा घ्यावा लागला. मिचमिचे डोळे, वेडेवाकडे दात. तो एकदा पाहिला की भोपळ्यावरचं हसू फारच सौम्य वाटू लागतं.

मयताच्या घरच्या खेळांबद्दल बाहेरच्या वाचकांना सर्वांत जास्त धक्का बसतो. प्रेत घरात, टेबलावर मातीच्या पाइपा, तंबाखू, तपकीर, आणि रात्रभर जागणारी माणसं खेळतायत. गोल करून गुडघे वर घेऊन जमिनीवर बसायचं, एक बूट गुडघ्यांच्या खालून फिरवायचा, मधल्या माणसानं तो शोधायचा, आणि त्याची पाठ वळली की त्याच बुटानं त्याला रट्टा द्यायचा. धर्मसभांनी सतराव्या शतकापासून पुन्हा पुन्हा बंदी घातली, यावरूनच ते किती चिवट होतं ते कळतं. पण एक मर्यादा गावानं स्वतःच पाळली होती. खेळ चालत ते पिकल्या पानाच्या मरणात. तरुण माणूस किंवा लहान लेकराची आई गेली असेल, तर त्या घरात कोणी बूट फिरवत नसे.

मयताच्या घरी काय आणि हिवाळ्यात रोज रात्री ज्या घरी गाव जमायचं तिथं काय, पत्ते असायचेच, आणि डाव ठरलेला, पंचवीस किंवा त्याचाच मोठा भाऊ पंचेचाळीस. हा डाव ज्याला येत नाही त्याला आयरिश खेड्यातली निम्मी संध्याकाळ कळणार नाही, म्हणून तो नीट सांगतो. माणसं पाच असली तर उत्तम. प्रत्येकाला पाच पानं, आधी तीन मग दोन, आणि उरलेल्या गड्डीचं वरचं पान उलटायचं. तो हुकूम. एका हाताचे पाच गुण, आधी २५ करील तो जिंकला. अवघड आहे ती पानांची उतरंड. हुकुमाची पंजी सर्वांत मोठी. तिच्याखाली हुकुमाचा गुलाम. तिसरा नेहमी बदामाचा एक्का, हुकूम कोणताही असो. मग हुकुमाचा एक्का, राजा, राणी. त्याच्या खाली लाल रंगात नेहमीप्रमाणे दश्शी मोठी, दुर्री लहान. काळ्या रंगात मात्र उलटं, दुर्री मोठी आणि दश्शी सर्वांत लहान. हुकूम नसलेल्या रंगांतही काळ्याचा हा उलटा हिशेब चालतो, तिथं राजा, राणी, गुलाम, मग एक्का, दुर्री, तिर्री. आणि हुकूम नसताना चौकटचा एक्का रंगातलं सर्वांत हलकं पान.

साधा रंग आला तर तो रंग द्या किंवा हुकूम मारा, दोन्ही चालतं. रंग नसेल तर काहीही टाका. हुकूम आला तर हुकूम द्यायलाच हवा, पण वरच्या तीन पानांना खास सवलत आहे. पंजी, गुलाम आणि बदामाचा एक्का ही पानं, आलेला हुकूम त्यांच्यापेक्षा हलका असेल तर, हातात दाबून ठेवता येतात. राजा आला आणि तुमच्याकडे फक्त गुलाम आहे, तर तुम्ही शांतपणे इस्पिकची नव्वी टाकू शकता. पंजी आली तर मात्र गुलाम बाहेर काढावाच लागतो. नवखा माणूस इथं फसतो. त्याला वाटतं समोरच्याकडे हुकूम संपले, आणि तो शेवटच्या हाताला निश्चिंत मनानं राजा टाकतो. आणखी एक नियम लूट करण्याचा. उलटलेलं पान एक्का निघालं तर वाटणारा आपलं एक पान टाकून तो घेतो. हुकुमाचा एक्का कुणाच्या हातात असेल तर तो आपलं नको असलेलं पान देऊन उलटलेलं पान उचलतो, पण पहिलं पान खेळण्याआधी. विसरला तर घराघराचा दंड वेगळा, आणि नाताळाआधीच्या डावांत, जिथं बक्षीस टर्की असायची, त्या दंडावरून वाद पेटायचे.

पाच जणांत कोणी २० वर पोचला की बाकीचे चौघे न बोलता एकत्र येतात. एक जण मोठा हुकूम टाकून त्याला बाहेर ओढतो, दुसरा आपलं भारी पान त्याच्यासाठी राखतो. यासाठी कोण किती गुणांवर आहे हे दर हाताला लक्षात ठेवावं लागतं, म्हणून गुण मोठ्यानं म्हणण्याची पद्धत आहे. शिकायचा असेल तर सुरुवातीला हुकूम काळाच ठेवून खेळा, म्हणजे उलटी उतरंड अंगवळणी पडते. आणि जोकर आधीच काढून टाका.